आडगांवचा पंतोजी आणि त्याचें वेतन

नगर शहरांतून पुण्याच्या रस्त्याला लागलें म्हणजे थोड्याच अंतरावर केडगांव येतें. देवीच्या देवळामुळें आणि नवरात्रांतल्या यात्रेमुळें या गांवाचें नांव जिल्ह्यांत सर्वांच्या तोंडीं आहे. पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनाचें केडगांव तें हें नव्हे. तें पुणें जिल्ह्यांत, दौंडच्या लोहमार्गावर आहे, आणि नामसादृश्यामुळें दोहोंची गल्लत करणारे लोक पुष्कळ भेटतात. नगरचें केडगांव २००३ सालीं शहराच्या महानगरपालिकेंत सामील झालें. त्यापूर्वीं तें खेडें होतें. परंतु शाळामास्तराच्या दृष्टीनें पाहिलें तर तें भाग्यवान खेडें होतें. शहरांत बिऱ्हाड ठेवावें, सकाळीं पायीं किंवा सायकलीवरून शाळेला जावें, सायंकाळीं परत यावें, स्वतःचीं मुलें शहरांतल्या हायस्कुलांत घालावीं, दुखणेंबाणें आलें तर दवाखाना जवळ असावा, याहून मास्तराला आणखी काय हवें असतें?

याच जिल्ह्याच्या वायव्य टोकाला अकोले तालुका आहे. कळसूबाईचें १,६४६ मीटर उंचीचें शिखर, हरिश्चंद्रगड, रतनगड आणि प्रवरेवरील भंडारदऱ्याचें धरण यांमुळें तो आज सहलीच्या मंडळींना आवडतो. पण सहलीला जाणें निराळें आणि पावसाळ्याचे चार महिने तेथें शाळा चालविणें निराळें. महादेव कोळी व ठाकर यांच्या विखुरलेल्या वाड्या, ओढे भरले कीं बंद होणाऱ्या वाटा, भाड्यानें खोली मिळण्याची मारामार! केडगांवच्या मास्तराला जी वेतनश्रेणी, तीच या डोंगरांतल्या मास्तराला. आणि दोघांच्या हातीं पडणारा रुपया कागदावर सारखाच. मग डोंगरांतली जागा भरावी कशी, आणि जो भरील त्याला अधिक काय द्यावें, हा प्रश्न आजकालचा वाटतो. परंतु तो या प्रांतांत निदान दीडशें वर्षें विचारला जात आहे, आणि त्याचें बरेंचसें उत्तर १८८२ सालींच कोणीं कोणीं देऊन ठेवलें होतें. त्या उत्तराचें पुढें काय झालें, हीच सांगावयाची हकीकत.

इंग्रजी अंमलापूर्वीं गांवच्या पंतोजीला पगार असा नव्हताच. सुतार, लोहार, चांभार, न्हावी हे बलुतेदार. त्यांचा खळ्यावरचा वांटा ठरलेला. पंतोजी त्या बारांत बसत नव्हता. ज्यांचीं मुलें त्याच्याकडे येत, ते धान्य देत, सणावारीं शिधा देत, मुलगा अमुक धडा शिकला कीं थोडेंसें वर देत. म्हणजे जेथें मुलें शिकविण्याची ऐपत असलेलीं घरें पुरेशीं, तेथेंच पंतोजी टिके. ज्या गांवांत अशीं घरें नव्हतीं, त्या गांवांत शाळाहि नव्हती, आणि शाळा नाहीं म्हणून कोणाला खंतहि नव्हती.

सरकारी शाळाखात्यानें प्रथम हीच रीत थोडी बदलून चालविली. १८५० नंतरच्या कांहीं वर्षांत ज्या गांवाला शाळा पाहिजे, त्यानें मास्तराचा अर्धा पगार भरावा आणि शाळेला जागा द्यावी, अशी योजना पुढें आली. कागदावर ती न्यायाची दिसते. पण सुगी बुडाली कीं वर्गणी बुडे, आणि वर्गणी बुडाली कीं मास्तराचा निम्मा पगार बुडे. सधन गांवानें शाळा मिळविली आणि गरीब गांव मागें राहिलें. तेव्हां १८६३ च्या सुमारास सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकीर्दींत शेतसाऱ्याच्या दर रुपयामागें एक आणा लोकलफंडाची पट्टी बसविण्यांत आली व तिचा तिसरा हिस्सा शिक्षणाकडे लावण्यांत आला. १८६९ च्या कायद्यानें ती पक्की झाली. आतां पैसा प्रत्येक कुणब्याकडून येऊं लागला, डोंगरांतल्या कुणब्याकडूनहि. पण तो पैसा ज्या मास्तरावर खर्चावयाचा, तो मास्तर त्या डोंगरांत जाण्यास राजी आहे कीं नाहीं, हें पट्टी बसविणाऱ्यांनीं पाहिलें नाहीं.

नगरच्या बाबतींत एक गोष्ट येथें नमूद केली पाहिजे. अमेरिकन मराठी मिशननें १८३१ सालीं नगरास ठाणें घातलें. सिंथिया फरार नांवाची अविवाहित अमेरिकन बाई १८२७ च्या अखेरीस मुंबईस उतरली, १८३९ सालीं नगरास आली आणि १८६२ सालीं तेथेंच वारली. इतकीं वर्षें तिनें मुलींच्या शाळा चालविल्या. त्या काळीं मुलींच्या शाळेवर शिकविणारी स्त्री मिळणें ही जगांतली सर्वांत अवघड नेमणूक होती. कारण शिकलेली स्त्रीच नव्हती, आणि जी असेल ती घराबाहेर पडणार कशी? ज्योतीराव फुले आपल्या एका स्नेह्याबरोबर नगरास गेले, त्यांनीं फरारबाईंची शाळा पाहिली, आणि पुण्यास परतल्यावर १८४८ सालीं मुलींची शाळा घातली. ही हकीकत त्यांनीं स्वतः १८५३ सालीं ‘ज्ञानोदया’ला सांगितली, आणि ‘ज्ञानोदय’ हें पत्रहि १८४२ सालीं नगरांतच निघालें होतें. शिक्षिका मिळेना म्हणून ज्योतीरावांनीं आपल्या पत्नीलाच शिकवून तयार केलें. सावित्रीबाईंनीं हें काम वेतन न घेतां केलें, आणि तसें करीत असल्याची नोंद तेव्हांच्या वर्तमानपत्रांनीं आदरानें केली.

फरारबाई आणि सावित्रीबाई यांच्याविषयीं लिहितांना लेखणी आपोआप नम्र होते. परंतु त्यांच्या उदाहरणांतून पुढच्या कारभाऱ्यांनीं एक सोयीचा धडा घेतला, आणि तो चुकीचा होता. जें काम कोणी करीत नाहीं तें श्रद्धेनें करणारा मनुष्य सांपडतो. मग त्याच्या पगाराची चिंता कशाला, असा तो धडा. एका शहरांत एक शाळा श्रद्धेवर निघते. पण हजारों खेड्यांना हजारों सावित्रीबाई कोठून आणावयाच्या? स्वतः ज्योतीरावांनीं तो धडा कधींच घेतला नाहीं. उलट त्यांनींच सरकारपुढें पगाराचा आंकडा मांडला.

तो प्रसंग १८८२ चा. लॉर्ड रिपन यांनीं नेमलेलें शिक्षण-कमिशन, म्हणजे अध्यक्षाच्या नांवानें ओळखलें जाणारें हंटर कमिशन, त्या वर्षीं देशभर साक्षी घेत होतें. मुंबई इलाख्याकडून काशिनाथ त्र्यंबक तेलंग त्याचे सभासद होते. पुण्यास या कमिशनपुढें दोन अशीं निवेदनें झालीं कीं तीं शेजारीं शेजारीं ठेवून वाचावींत. एक पंडिता रमाबाईंचें सप्टेंबरांत, आणि दुसरें ज्योतीराव फुले यांचें, १९ ऑक्टोबर १८८२ या तारखेचें.

रमाबाई तेव्हां चोवीस वर्षांच्या होत्या. त्याच वर्षाच्या आरंभीं त्यांना वैधव्य आलें होतें. त्यांनीं स्त्री-शिक्षिकांविषयीं जें मागितलें, तें त्या काळच्या विद्वानांनाहि चमत्कारिक वाटलें असेल. शिकत असतांना शिक्षिकांना मिळणारी शिष्यवृत्ति वाढवावी, आणि नोकरी लागल्यावर त्यांचें वेतन पुरुष शिक्षकांहून अधिक असावें, असें त्या म्हणाल्या. कारण काय? तर या बायका शीलानें आणि प्रतिष्ठेनें वरच्या दर्जाच्या असल्या पाहिजेत, आणि तशा बायका हलक्या पगारावर येणार नाहींत. त्यांच्या राहण्याची सोय कॉलेजच्या आवारांतच, चांगल्या मोठ्या इमारतींत असावी, आणि त्यांच्यावर प्रतिष्ठित देशी बाईची देखरेख असावी, असेंहि त्यांनीं सुचविलें. साक्ष मराठींत होती. डॉ. हंटर यांना ती इतकी महत्त्वाची वाटली कीं त्यांनीं तिचें इंग्रजी भाषांतर करवून तें स्वतंत्र छापविलें.

या मागणीचें मर्म चटकन लक्षांत येत नाहीं. स्त्रीला पुरुषाइतकें द्या, ही मागणी न्यायाची म्हणून सर्वांना कळते. इंग्लंडमध्यें १९१९ सालीं बर्नहॅम कमिटी बसून शिक्षकांच्या वेतनश्रेणी देशभर ठरूं लागल्या, तेव्हां स्त्रियांना पुरुषांच्या सुमारें चारपंचमांश वेतन ठरलें, आणि बरोबरी व्हायला १९६१ साल उजाडलें. रमाबाई १८८२ सालीं बरोबरीच्याहि पुढें गेल्या होत्या. जागा भरणें जितकें अवघड, तितकें तिचें मोल जास्त, हा साधा बाजाराचा न्याय त्या शाळेला लावीत होत्या. मजुरांना, गवंड्यांना, वकिलांना तो न्याय सर्वत्र लागू होता. शिक्षकांच्या बाबतींत मात्र तो लागू करणें असभ्य समजलें जाई, आणि अजूनहि पुष्कळांना तसेंच वाटतें.

ज्योतीरावांचें निवेदन निराळ्या अंगानें जातें. प्राथमिक शाळांवरचे शिक्षक बहुतेक एकाच वर्णाचे आहेत. ट्रेनिंग कॉलेजांतून शिकून आलेले थोडे. पगार क्वचितच दहा रुपयांच्या वर जातो. आणि ज्ञानहि त्या पगाराला साजेसेंच, असें त्यांनीं स्पष्ट लिहिलें. इलाख्यांतल्या जवळजवळ नवदशांश खेड्यांत, सुमारें दहा लक्ष मुलांसाठीं, शिक्षणाची कांहींच तजवीज नाहीं, असा अंदाजहि त्यांनीं दिला. मग त्यांनीं उपाय सांगितले. परीक्षा पास झालेल्या शिक्षकाला दरमहा बारा रुपयांहून कमी मिळतां कामा नये. मोठ्या गांवीं पंधरा ते वीस मिळावेत. शक्य तर शिक्षक शेतकरी वर्गांतला असावा, म्हणजे तो लोकांत मिसळेल, वेळ पडल्यास नांगराला किंवा तासणीला हात लावण्यास लाजणार नाहीं. आणि गांवच्या हिशेबाची तपासणी, दस्तऐवजांची नोंदणी, टपाल, स्टँपविक्री अशीं कामें त्याच्याकडे द्यावींत, म्हणजे गांवांत त्याचें वजन वाढेल. ज्याच्या शाळेंतून जास्त मुलें पास होतील त्याला पगाराव्यतिरिक्त कांहीं भत्ता द्यावा.

यांतली शेवटून दुसरी सूचना लोक वाचतात आणि पुढें जातात. पण तीच सर्वांत खोल आहे. ज्योतीरावांना गांव आंतून ठाऊक होतें. बलुतेदारीच्या चौकटींत मास्तराला जागा नव्हती. तो उपरा, आज आहे उद्यां बदलून जाईल. पाटील व कुळकर्णी यांच्या मेहेरबानीवर त्याचें पाणी आणि बिऱ्हाड अवलंबून. ज्याच्याकडे गांवचे हिशेब तपासावयास आहेत, ज्याच्याकडून लोक टपाल घेतात, तो मात्र गांवाला नको असून चालत नाहीं. म्हणजे ज्योतीरावांनीं तीन गोष्टी एकत्र मागितल्या: जवळचा मनुष्य, पुरेसा पगार आणि गांवांत पत. रमाबाईंनीं दोन मागितल्या: अधिक पगार आणि सुरक्षित घर. दोघांच्या निवेदनांत देशसेवेचें आवाहन शोधूं गेलें तर सांपडत नाहीं, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. दोघांनींहि स्वतः अपार सेवा केली होती, म्हणूनच कदाचित् ती दुसऱ्यावर लादण्याची इच्छा त्यांना झाली नाहीं.

सेवेचें आवाहन पुण्याच्या पेठांत निघत होतें, आणि तेंहि खरें होतें. न्यू इंग्लिश स्कूल १८८० सालीं निघालें, डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ सालीं स्थापन झाली, आणि वीस वर्षें अल्प वेतनावर शिकविण्याची शपथ घेणारे आजीव सभासद तिनें मिळविले. गोपाळ कृष्ण गोखल्यांसारखा मनुष्य महिना पंचाहत्तर रुपयांवर या संस्थेंत राबला. लोकमान्य टिळक १८९० सालीं संस्थेंतून बाहेर पडले, त्या वादांतहि वेतन आणि बाहेरची मिळकत हा कळीचा मुद्दा होता. तेव्हां त्यागाच्या मंदिरांतसुद्धां पगाराचा प्रश्न दाराबाहेर राहिला नव्हता, हें दिसतेंच. पण एक फरक सांगितला पाहिजे. पंचाहत्तर रुपये घेणाऱ्या प्रोफेसराला पुणें शहर होतें, वर्तमानपत्रें होतीं, विद्यार्थ्यांची भक्ति होती, राष्ट्राच्या सभेंत मान होता. सह्याद्रीच्या कुशींतल्या वाडीवर दहा रुपयांत राहणाऱ्या मास्तराला यांतलें काय होतें? त्याच्या त्यागाला टाळी वाजविणाराहि कोणी नव्हता. पेठेंतल्या त्यागाचें माप लावून वाडीवरल्या मास्तराला कमी पगार देणें, ही तुलना मुळांतच खोटी.

जागा अवघड होण्याचें कारण नेहमीं डोंगर किंवा पाऊस नसतो, हें बडोद्याच्या इतिहासावरून कळतें. सयाजीराव महाराजांनीं १८८३ च्या सुमारास अंत्यजांसाठीं शाळा काढल्या. शाळांना इमारत होती, पैसा होता, राजाची इच्छा होती. फक्त हिंदु शिक्षक मिळेनात. मुसलमान शिक्षक नेमून शाळा चालवाव्या लागल्या, आणि पुढें १९०८ सालीं पंजाबांतून आर्यसमाजाचे पंडित आत्माराम यांना बोलावून त्या कामाची घडी बसविण्यांत आली. तेथें अडचण अंतराची नसून मनाची होती. तरीहि निष्कर्ष तोच: जी जागा इतर टाळतात, तिच्यासाठीं मनुष्य मुद्दाम शोधावा लागतो, त्याला मुद्दाम आणावा लागतो, आणि आणल्यावर सांभाळावा लागतो.

स्त्री-शिक्षिकांचा पुरवठा हळूहळू वाढला. पुण्याचें स्त्रियांचें ट्रेनिंग कॉलेज १८७० सालींच निघालें होतें. हंटर कमिशननें शिक्षकांच्या बायकांना आणि विधवांना या धंद्यांत आणण्याचा मार्ग सुचविला. पुणें सेवासदनानें १९०९ पासून अनेक विधवांना शिक्षिका होण्यास तयार केलें. या सर्व स्त्रियांचें ऋण महाराष्ट्रावर मोठें आहे. परंतु त्यांतल्या बहुसंख्य शहरांत आणि तालुक्याच्या गांवीं राहिल्या, आणि यांत त्यांना दोष देतां येत नाहीं. एकट्या बाईनें परक्या खेड्यांत कोठें राहावें, रात्रीं दार वाजलें तर काय करावें, हे प्रश्न सोडविल्याशिवाय तिला खेड्यांत पाठविणें हा क्रूरपणाच होता. १९२९ च्या हार्टोग समितीनें खेड्यांतल्या शिक्षिकेची ही अडचण मांडली. १९४४ च्या सार्जंट योजनेनें प्राथमिक शिक्षकाला निदान तीस ते पन्नास रुपयांची श्रेणी सुचविली. १९६६ सालीं कोठारी आयोगानें ग्रामीण भागांतल्या शिक्षिकांना राहण्यास घर व विशेष भत्ता देण्याची शिफारस केली. रमाबाईंच्या साक्षीनंतर चौऱ्याऐंशीं वर्षांनीं तीच गोष्ट पुन्हां लिहावी लागली, यावरून मधल्या काळांत किती घरें बांधलीं गेलीं असतील याचा अंदाज ज्यानें त्यानें करावा.

मध्यंतरीं ज्योतीरावांच्या सूचनेची एक बाजू मात्र सातारकडे जोमानें उचलली गेली. भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ सालीं तिचें ठाणें साताऱ्यास हलविलें, आणि १९३५ सालीं शिक्षक तयार करणारें ट्रेनिंग कॉलेज सुरू केलें. १९३८ नंतर मुंबई सरकारनें ऐच्छिक शाळांना उत्तेजन दिलें, तेव्हां ज्या वाड्यांत लोकल बोर्डाची शाळा पोहोंचली नव्हती, अशा शेंकडों ठिकाणीं संस्थेनें शाळा उघडल्या. तेथले शिक्षक रयतेचीच पोरें. नांगराला हात लावण्यास न लाजणारीं, जशीं ज्योतीरावांनीं इच्छिलीं होतीं तशीं. शाळा चालल्या, कारण शिकविणाराला गांवाची आणि गांवाला शिकविणाराची लाज नव्हती. मोबदला मात्र तुटपुंजा होता. भाऊरावांच्या हातीं पैसा नव्हता, म्हणून त्यांच्याकडे बोट दाखविणें अन्यायाचें होईल. ज्यांच्या हातीं तो होता, त्यांच्याविषयीं तसें म्हणतां येत नाहीं.

१ मे १९६२ रोजीं जिल्हा परिषदा अस्तित्वांत आल्या आणि प्राथमिक शिक्षक त्यांचे नोकर झाले. पगार नियमित झाला, श्रेणी ठरली, निवृत्तिवेतन आलें. ही सुधारणा लहान नव्हे. दुष्काळांत वर्गणी बुडाली म्हणून उपाशी राहणाऱ्या मास्तराचा काळ संपला. पण श्रेणी सर्व जिल्ह्याला एकच. आणि पगार एक झाल्याबरोबर धडपड सुरू झाली ती गांवाच्या निवडीची. जिल्ह्याच्या ठिकाणाजवळचें गांव मिळावें म्हणून अर्ज, ओळखी, पुढाऱ्यांच्या चिठ्ठ्या यांना ऊत आला. केडगांवसारख्या गांवीं बदली व्हावी म्हणून झटणारा मनुष्य आळशीच असतो असें नाहीं. पगारांत जो फरक सरकारनें ठेवला नाहीं, तो फरक प्रत्येकजण जागेंत शोधूं लागला, इतकेंच.

मग २००० च्या सुमारास दोन योजना आल्या, आणि त्यांत जुनी प्रवृत्ति नव्या नांवानें दिसली. जवळपास शाळा नसलेल्या वाड्यावस्त्यांवर मोजक्या मुलांसाठीं वस्तीशाळा उघडण्यांत आल्या. त्यांवर स्थानिक तरुणतरुणी नेमलीं गेलीं, आणि आरंभीं त्यांना महिना एक हजार रुपये मानधन देण्यांत आलें. ज्योतीरावांचा स्थानिक शिक्षक असा प्रत्यक्षांत आला. त्यांनीं मागितलेला पगार आणि पत मात्र आली नाही. ‘मानधन’ हा शब्दहि पाहण्यासारखा आहे. ज्याच्या नांवांतच मान, तें धन बहुधा थोडें असतें! अकोल्यासारख्या तालुक्यांत जेथें पक्का शिक्षक जाईना, तेथें हा निमशिक्षक पोरांना अक्षर ओळखावयास शिकवीत होता. आणि कायम सेवेंत समावेश होण्यासाठीं त्याला २०१४ सालापर्यंत वाट पाहावी लागली. अवघड जागा होती, म्हणून अधिक द्यावयाचें, तें कमी दिलें. कारण तेथला गरजू मनुष्य कमी पैशावर मिळत होता.

दुसरी योजना शिक्षणसेवकांची. नव्यानें लागणाऱ्या शिक्षकानें पहिलीं तीन वर्षें ठोक मानधनावर काढावींत, प्राथमिक शाळेवर तीन हजार, माध्यमिक शाळेवर चार हजार, उच्च माध्यमिकवर पांच हजार. कांहीं वर्षांनीं हे आंकडे सहा, आठ व नऊ हजारांवर गेले, आणि १ जानेवारी २०२३ पासून सोळा, अठरा व वीस हजारांवर. वाढ मोठी वाटते खरी. पण दूरच्या जिल्ह्यांतून नेमणूक घेऊन आलेल्या तरुणानें सहा हजारांत खोली, खाणावळ आणि घरीं पाठवावयाचे पैसे हें सर्व तीन वर्षें कसें बसवावें, याचा हिशेब कोणत्या गणिताच्या पुस्तकांत सुटतो? नवा शिक्षक बहुधा रिकाम्या जागेवर जातो; आणि रिकामी जागा बहुधा अवघड असते. त्यामुळें सर्वांत कठीण गांव आणि सर्वांत कमी मोबदला हीं दोन्ही एकाच तरुणाच्या वाट्याला आलीं.

न्यायाकरितां दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. ६ ऑगस्ट २००२ रोजीं राज्य सरकारनें आदिवासी व नक्षलग्रस्त भागांतल्या कर्मचाऱ्यांसाठीं एक निर्णय काढला. त्याप्रमाणें अशा भागांत काम करीपर्यंत कर्मचाऱ्याला वरच्या पदाची वेतनश्रेणी, जिला ‘एकस्तर’ म्हणतात ती, मिळावयाची. आणि आदिवासी भागांत मूळ वेतनाच्या पंधरा टक्के प्रोत्साहन भत्ता, निदान दोनशें आणि फार तर पंधराशें रुपये. अवघड जागेचें मोल अधिक, हें तत्त्व सरकारी कागदावर इतक्या स्पष्टपणें आलें, त्याबद्दल त्या निर्णयाचें श्रेय त्याला दिलें पाहिजे. रमाबाईंनीं तें वाचून मान डोलावली असती.

त्यानंतर २७ फेब्रुवारी २०१७ च्या निर्णयानें जिल्ह्यांतल्या शाळांची सर्वसाधारण आणि अवघड अशी उघड विभागणी झाली. अवघड क्षेत्रांत तीन वर्षें काढणाऱ्या शिक्षकाला बदली मागण्याचा अधिकार मिळाला. चिठ्ठ्या आणि वशिले यांपेक्षां ही रीत शतपटीनें बरी, यांत शंका नाहीं. परंतु तेथल्या सेवेचें बक्षीस म्हणजे तेथून सुटका, असा तिचा अर्थ होतो. मुलाला मास्तराच्या बोलण्याची आणि मास्तराला मुलाच्या ठाकरी बोलीची संवय होते न होते, तोंच तीन वर्षें भरतात आणि दुसरा मास्तर येतो. तो अनुभव त्या वाडीच्या उपयोगीं पडण्याऐवजीं सपाटीवरच्या एखाद्या सोयीच्या गांवाला मिळतो. तेथेंच राहण्याची इच्छा असलेल्या शिक्षकाला राहण्याचें कारण द्यावयाचें, तर तें घरांत, मुलांच्या शिक्षणाच्या सोयींत आणि पैशांत द्यावें लागेल.

आणि पैशाकडे पाहूं गेलें तर २००२ च्या निर्णयांतली मर्यादा नजरेंत भरते. त्या वेळीं प्राथमिक शिक्षकाची श्रेणी साडेचार हजारांपासून सुरू होई. त्याचे पंधरा टक्के म्हणजे पावणेसातशें रुपये, पंधराशेंच्या बरेच आंत. मर्यादेची गांठ पडावयास मूळ वेतन दहा हजारांवर जावें लागे, आणि तितकें वेतन तेव्हां त्या श्रेणींत कोणालाच नव्हतें. सातव्या वेतन आयोगाच्या श्रेणींत प्राथमिक शिक्षकाचें मूळ वेतनच २९,२०० रुपयांपासून सुरू होतें. त्याचे पंधरा टक्के ४,३८० होतात. पंधराशेंची मर्यादा तशीच धरली, तर घाटघरच्या पावसांत नव्यानें रुजू होणाऱ्या शिक्षकाचा भत्ता पहिल्याच दिवशीं ठरलेल्या प्रमाणाच्या तिसऱ्या हिश्शाच्या जवळपास येऊन थांबतो, आणि पुढें प्रत्येक वेतनवाढीबरोबर तें प्रमाण आणखी घटत जातें.